विकण्यापूर्वी घराची डागडुजी: लातूरच्या काळ्या जमिनीवरचा अनुभव

आई कायमची माझ्याकडे राहायला आल्यावर लातूरचे घर बंद राहू लागले. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खराब होते, म्हणून माझी थोरली बहीण, आमची अक्का, आणि मी ते विकण्याचे ठरवले. वडिलांनी हे घर किल्लारीच्या भूकंपानंतर चार-पाच वर्षांनी बांधले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर आमच्या भागात घर बांधणारा प्रत्येक माणूस पायाचा विचार अगदी जपून करू लागला होता, आणि वडिलांनीही काळी माती पूर्ण काढून, खाली पक्का मुरूम लागेपर्यंत खणूनच पाया घेतला होता. मागची खोली मात्र बऱ्याच वर्षांनी, शिकवणीसाठी लातूरला येणाऱ्या मुलांना भाड्याने देता यावी म्हणून काढली गेली आणि तिचा पाया मुख्य घराइतका खोल नव्हता. पुढचे बरेचसे काम या एका फरकातून उद्भवले.

घर दाखवायला सुरुवात करण्याआधी आम्ही एका मध्यस्थाला बोलावले. त्याने घर पाहिले आणि त्याच्या व्यवसायात सर्रास दिला जाणारा सल्ला दिला: सगळीकडे पुट्टी भरून रंग द्यावा, मागच्या खोलीतल्या भेगेवर टेक्श्चर मारावे, ओलीमुळे पापुद्रे सुटलेल्या भिंतीपुढे कपाट ठेवावे आणि पावसाळा लागायच्या आत सौदा उरकावा. खर्च कमी आणि घर झटपट देखणे, असा त्याचा हिशोब होता. आईने तो ऐकून घेतला आणि आम्हाला एवढेच विचारले, "घेणारा माणूस पहिल्याच पावसात काय म्हणंल?" आमचा निर्णय तिथेच झाला. जे दोष मुळापासून दुरुस्त होण्यासारखे होते ते दुरुस्त करायचे, आणि जो पूर्ण जाणार नाही तो घेणाऱ्याला दाखवून, सांगून मगच व्यवहार करायचा.

हा केवळ चांगुलपणाचा प्रश्न नाही, हे मला वकिलाशी बोलल्यावर स्पष्ट झाले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि त्याने साधारण काळजी घेऊनही लक्षात न येणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते, आणि तो दडवणे हे त्याच कलमात कपटाचे मानले आहे. नळाचा वॉशर झिजला असेल तर तो कोणालाही दिसतो. टेक्श्चरखाली झाकलेली भेग मात्र कोणालाही दिसत नाही, आणि या दोन गोष्टींतला फरक आम्ही कामभर डोळ्यांसमोर ठेवला.

सुरुवात पाण्यापासून केली. लातूरमध्ये ज्यांनी २०१६ चा उन्हाळा काढला आहे, मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले पाहिले आहे, त्यांना आमच्याकडच्या घरांत जमिनीखाली हौद का असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, तेव्हा ते साठवायला छतावरची टाकी पुरत नाही. आमचाही हौद मोठा होता आणि मागच्या खोलीच्या भिंतीपासून जेमतेम हातभर अंतरावर होता. या खोलीच्या भिंतीला जोत्याच्या वर कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. पांढरी भुकटी हाताला लागत होती आणि ऑइल पेंटचे फुगे येऊन पापुद्रे सुटत होते. मिस्त्री जुने, वडिलांच्या ओळखीतले होते. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मालक, भिंतीला काही झालं नाही. हौदातलं पाणी पायात मुरायलंय."

त्यांचे म्हणणे तपासण्याची रीत अगदी सोपी आहे आणि ज्यांच्या घरी हौद आहे त्यांनी ती अवश्य करून पाहावी. हौद काठोकाठ भरला, येणारे आणि जाणारे दोन्ही कॉक बंद केले, पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारली आणि झाकण लावून रात्रभर तसाच राहू दिला. झाकलेल्या हौदातून बाष्पीभवनाने पाणी फारसे उडत नाही, त्यामुळे सकाळी पातळी ठळकपणे खाली गेलेली दिसली तर ते पाणी झिरपूनच गेलेले असते. त्यानंतर पाणी न वापरता पातळी आणखी उतरू दिली. ती ज्या उंचीवर येऊन थांबते, त्या उंचीवर किंवा तिच्या किंचित वर गळतीची जागा असते. आमच्या हौदात पातळी नेमकी पाइप आत शिरतो त्या जागेच्या खालच्या कडेशी थांबली. पाइपाभोवतीचे सिमेंट सुटले होते आणि तिथून पाणी थेट खोलीच्या पायाकडे जात होते.

हौद रिकामा करून घासून घेतला, पाइपाभोवतीचा भाग छिन्नीने मोकळा करून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरला, आतून पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि वाळल्यावर पुन्हा तीच रेघेची परीक्षा घेतली. पातळी हलली नाही. मगच भिंतीकडे वळलो, कारण ओलीचा झरा चालू असताना भिंत दुरुस्त करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. खराब झालेला गिलावा लोण्याच्या रेषेच्या वर वीतभर जागेपर्यंत खरवडून काढला, विटा उघड्या ठेवल्या आणि उन्हाळ्याची हवा त्यांना लागू दिली. लोणा म्हणजे विटांमधले आणि पाण्यातले क्षार, जे पाण्याबरोबर भिंतीच्या पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच राहतात. तो ओल्या फडक्याने पुसला तर क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. म्हणून तो कोरड्या ब्रशनेच झाडून काढला. नवा गिलावा करताना बोअरचे खारट पाणी वापरले नाही, गोड्या पाण्याचा टँकर मागवला. मिस्त्रींना हे सांगावे लागले नाही, त्यांनीच ते आधी सांगितले होते.

आता भेगेविषयी, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि विचार तिच्यावर गेला. मागच्या खोलीत दोन भेगा होत्या. एक खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली आणि दुसरी जुन्या व नव्या बांधकामाच्या सांध्यात सरळ उभी. गिलाव्यावर केसासारख्या बारीक, जाळीदार रेषा असतात, त्या मसाला वाळताना आकसल्याने पडतात आणि पुट्टीने बुजतात. तिरपी भेग मात्र बहुधा पाया एका बाजूने हलल्याचे सांगते. आमच्याकडची काळी कापसाची जमीन बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी गेले की आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आपण सगळेच पाहतो, आणि घराखाली तीच माती असेल तर तीच हालचाल भिंतीला सोसावी लागते. म्हणूनच अशा जमिनीत पाया फुगत्या थराच्या खाली, मुरमापर्यंत न्यायचा असतो. ते शक्य नसेल तिथे खाली फुगवटा असलेले खोल काँक्रीटचे खांब घालण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात रुजवली आहे. मागच्या खोलीच्या पायात यातले काहीच नव्हते.

ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांना घर दाखवले. त्यांनी घाईने काही भरू नका, आधी भेग जिवंत आहे की मेलेली, म्हणजे अजून हलते की थांबली, ते पाहा, असे सांगितले. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली आणि भेगेवर आडव्या काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या. भिंत जराही हलली तरी काच तडकते, असा त्यामागचा विचार आहे. दरम्यान पायाजवळचे पाणी तोडण्याचे काम चालू ठेवले. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची पन्हळ भिंतीलगत जमिनीवरच सुटत होती, ती पाइप जोडून थेट रस्त्याकडच्या गटारापर्यंत नेली. भिंतीला लागून असलेली फुलझाडांची आळी काढून झाडे कंपाउंडच्या कडेला लावली. आईला ते मोगरे तोडायचे नव्हते, म्हणून मुळांसकट उचलले आणि ते जगलेही. घराभोवती सुमारे तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा घातला. या पट्ट्याला फार खर्च येत नाही आणि काळ्या जमिनीवरच्या घराला त्याच्याइतका उपयोगी दुसरा उपाय मला दिसत नाही, कारण तो जोत्याशेजारची माती भिजू देत नाही आणि भिजलेली एकाएकी सुकूही देत नाही.

मृगाचे पाऊस पडून गेले, पुढे आषाढही सरला. खिडकीजवळच्या तिरप्या भेगेवरच्या काचा शाबूत राहिल्या. सांध्यावरची एक काच मात्र तडकली. अभियंत्यांचा निष्कर्ष असा होता की तिरपी भेग हौदाच्या गळतीमुळे पडली होती आणि गळती थांबल्यावर ती थांबली आहे, तर सांध्याची भेग कमी-जास्त खोल असलेल्या दोन पायांमुळे आहे आणि ऋतूंबरोबर ती थोडी उघडझाप करीतच राहील. पहिली भेग खोल मोकळी करून न आकसणाऱ्या मसाल्याने भरली, वर जाळी ठोकून गिलावा केला. दुसरीच्या बाबतीत सिमेंट भरणे चुकीचे ठरले असते, कारण ते शेजारी पुन्हा तडकते. म्हणून तो सांधा सरळ रेषेत कापून सांधा म्हणूनच मान्य केला, त्यात रबरासारखे लवचिक सीलंट भरले आणि वरून एकाच बाजूला स्क्रूने घट्ट केलेली पट्टी लावली, म्हणजे दुसरी बाजू मोकळेपणाने सरकू शकते. ही पट्टी दिसते आणि ती दिसावी अशीच आमची इच्छा होती.

गच्चीचे काम याआधी उन्हाळ्यातच करून घेतले होते. जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा शाबूत होता, फक्त कठड्याच्या पायथ्याशी तो सुटला होता आणि स्लॅबवरची ओल नेमकी तिथूनच येत होती. तेवढा भाग फोडून गोलाई नव्याने केली, कोब्यातल्या भेगा कापून भरल्या आणि वैशाखाच्या उन्हात मसाला करपू नये म्हणून गोणपाट टाकून दिवसातून अनेकदा भिजवत ठेवला. आमच्याकडच्या उन्हात हे भिजवणे टाळले तर उत्तम सिमेंटही भुसभुशीत होते. शेवटी पाणी जाण्याची वाट बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी तुंबवले आणि खालून स्लॅब पाहिला.

नळ, फ्लश आणि मोरीची कामे लहान असली तरी घर पाहायला येणारा माणूस पहिल्यांदा तिथेच हात लावतो. बोअरच्या जड पाण्याने अँगल कॉक जाम झाले होते, शॉवरची छिद्रे बुजली होती, फ्लशची टाकी भरूनही वाहत राहायची. वॉशर आणि फ्लशच्या टाकीतली व्हॉल्व्हची जोडणी बदलली, जे कॉक सुटले नाहीत ते नवे लावले. चकचकीत टाइलवरचे पांढरे थर व्हिनेगर लावून, थोडा वेळ ठेवून घासल्यावर निघाले. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्वच्छता करायला आलेल्या माणसाने ओटीवरच्या शहाबादी फरशीलाही ॲसिड लावायची तयारी केली होती आणि त्याला थांबवावे लागले. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खाते, फरशी कायमची निस्तेज आणि खरखरीत होते. ती साध्या साबणाच्या पाण्याने घासून घेतली, डोललेल्या दोन फरश्या उचलून खाली मसाला भरून बसवल्या, आणि जुन्या दगडाचा काळसर निळा रंग इतका छान उघडला की ती बदलण्याचा विचार आम्ही सोडून दिला.

विजेच्या बाबतीत देखाव्यापेक्षा सुरक्षितता महत्त्वाची मानली. जुन्या मेनबोर्डात फ्यूज होते, विजेची गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, नव्हते. फ्यूजच्या जागी एमसीबी आणि सोबत ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी बसवताच ही आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडू लागली, आणि शोध घेतल्यावर बोअरच्या मोटारीच्या केबलचा एक जोड उघडा पडून वीज जमिनीत जात असल्याचे आढळले. घरात लहान मुले येणार असतील तर हा दोष किती गंभीर ठरला असता, या विचाराने आम्ही दोघेही अस्वस्थ झालो. केबल बदलली. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता, तो कोळसा आणि मीठ घालून नव्याने भरला आणि वायरमनकडून मोजून घेतला. उन्हाळ्यात काळी माती सुकली की अर्थिंग कमकुवत होते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्यासाठी नळीही ठेवली.

दारांना थोडा वेळ दिला. पावसाळ्यात मागचे दार फुगून चौकटीत अडकायचे, पण त्यावर पावसातच रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडते, त्यामुळे सुताराने बिजागरी नीट बसवून फक्त घासणारी कड काढली. एका चौकटीचा पाय ठोकल्यावर पोकळ वाजला. वाळवी होती. तेवढा तुकडा कापून नवा सागवानी जोड दिला आणि भिंतीच्या कडेने फरशीत ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून औषध सोडून घेतले. रंग सगळ्यात शेवटी दिला, तोही साधा, फिकट, आणि मागच्या खोलीत ऑइल पेंट मुळीच नाही, कारण त्याच्याखाली भिंतीतली उरलीसुरली ओल कोंडून राहते.

घर आम्ही श्रावणात, पाऊस चालू असतानाच दाखवायला सुरुवात केली. मध्यस्थाला हे पटले नाही, परंतु ज्याला आमच्या घराविषयी काही तपासायचे असेल त्याला ते पावसातच तपासता येते. येणारे बहुतेक जण पट्टी पाहून पहिला प्रश्न विचारत, "ही किल्लारीच्या टायमाची भेग हाय का?" घर भूकंपानंतरचे आहे, हे सांगितल्यावरही शंका राहायची, आणि ती रास्तच होती. लातूरचा परिसर त्या काळी देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या भूकंप पट्ट्यात गणला जात होता, तो २००२ च्या सुधारित मानकात तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, पट्ट्यात आला. लोकांच्या मनातली ती भीती आकडे सांगून जाण्यासारखी नाही. आम्ही प्रत्येकाला अभियंत्यांनी लिहून दिलेले पत्र, तडकलेली काच आणि काम चालू असतानाचे फोटो दाखवत होतो. काही लोक पट्टी पाहूनच परत गेले.

शेवटी औसा तालुक्यातले एक कुटुंब आले. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना लातुरात घर हवे होते. नवरा-बायको खोल्या पाहत होते, तेवढ्यात त्यांच्यासोबत आलेले वडील थेट घरामागे गेले, काँक्रीटच्या पट्ट्याबाहेरची माती चिमटीत घेऊन चोळली आणि मला विचारले, "सर, पावसाचं पाणी कुठं जातंय इथलं?" मी पन्हळ, पाइप आणि गटार दाखवले. मग हौद उघडून दाखवला, जुनी खडूची रेघ अजून होती. सांध्यावरची पट्टी पाहून ते सुनेला म्हणाले, "काळं रान हाय बाई. त्यानी लपिवलं नाही, हे बरं झालं."

त्यांनी मागच्या खोलीपोटी किंमत कमी करण्याची मागणी केली. ती आम्हाला योग्य वाटली, कारण ती खोली पुढे कधी पाडून नव्याने बांधायची झाली तर तो खर्च त्यांनाच येणार होता. आकड्यावर दोन बैठकांत एकमत झाले. त्यांच्या बाजूनेही खर्च मोठा असतो. महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, बाईच्या नावावर घेतल्यास १ टक्क्याची सवलत, शिवाय नोंदणी शुल्क. त्यांनी घर सुनेच्या नावावर घेतले. वकिलाकडून साठेखतात एक स्वतंत्र परिच्छेद घालून घेतला: मागची खोली नंतर बांधलेली असून तिचा पाया मुख्य इमारतीपेक्षा उथळ आहे, दोन्हींमधला सांधा ऋतुमानानुसार हलतो, ही बाब खरेदीदारास प्रत्यक्ष दाखवली असून किंमत ती विचारात घेऊन ठरली आहे. हाच मजकूर पुढे खरेदीखतातही आला.

ताबा देताना किल्ल्यांसोबत एक वही दिली. तिच्यात हौदाचे दोन्ही कॉक, जमिनीखालून गेलेल्या पाइपांचा हाताने काढलेला नकाशा, गच्ची आणि हौदाच्या वॉटरप्रूफिंगचे महिने, वापरलेल्या रंगांचे क्रमांक, मिस्त्री आणि वायरमन यांच्याशी संपर्क कसा करायचा, आणि सांध्यातले सीलंट कडक झाल्यावर ते काढून नवे कसे भरायचे, हे लिहिले होते. उरलेल्या टाइल आणि अर्धा डबा रंग माळ्यावर ठेवला. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत आणि वीजबिलावर नाव बदलण्याचे अर्ज अक्काने त्यांच्यासोबत जाऊन भरले.